लेखीबाईंची तोंडी सूचना

बाईंना तोंडावर कोणी ‘लेखीबाई’ म्हणत नसे. पाठीमागे मात्र गवंड्यांपासून कारकुनांपर्यंत सगळे तेच म्हणत, आणि बाईंना हे ठाऊक नाही असं समजणारा माणूस भोळाच म्हणायचा. एकदा एक प्लंबर वरच्या मजल्यावरच्या जोडीदाराला फोनवर सांगत होता, “आवर लवकर, लेखीबाई जिना चढतायत.” बाईंनी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं. मग त्या जिना जरा सावकाश चढल्या. एवढी सूट त्या कोणालाही द्यायच्या.

नावामागचं कारण साधं होतं. कामावर कोणी विचारलं, बाई, ही खिडकी ठेवायची की काढायची, तर उत्तर ठरलेलं: लेखी विचारा, लेखी सांगते. मालकाने चहाच्या कपावरून हळूच सुचवलं की त्या कोपऱ्यात एक कपाट काढून घ्या ना, तरी तेच. संध्याकाळपर्यंत सूचना टाईप होऊन, क्रमांक पडून, दोन्ही पक्षांच्या हातात असायची. नसली तर ते बोलणं झालंच नाही असं धरायचं. तीस वर्षांत कोणी बाईंना ‘तुम्ही तर म्हणाला होतात’ हे वाक्य ऐकवू शकलं नव्हतं. याचा त्यांना अभिमान होता आणि तो त्या लपवतही नसत. लपवावा तरी का? लोक मोटारीचा अभिमान बाळगतात, ती तर दुसऱ्याने बनवलेली असते.

बाई चार्टर्ड सर्व्हेअर होत्या. म्हणजे नेमकं काय, हे त्यांच्या गल्लीत कोणालाच कधी कळलं नाही. सर्व्हेअर म्हटलं की लोकांना जमीन मोजणारा माणूस दिसतो. एका शेजारणीने तर कुंपणाच्या भांडणात बाईंना रविवारी सकाळी उठवून फीत घेऊन यायला सांगितलं होतं. बाईंचा नवरा दातांचा डॉक्टर. तो लोकांना समजावून सांगायचा, “मी दातांचं करतो तेच ही इमारतींचं करते. ठोकून बघायचं, किडलंय किती ते सांगायचं, आणि कोरून भरून घ्यायचं. फरक इतकाच, की माझ्याकडे पेशंट ओरडतो आणि हिच्याकडे मालक.”

गंमत सोडली, तर त्यात खरं तेवढं खरं होतं. पण बाईंच्या कामातला अवघड भाग त्याने कधी सांगितला नाही. जुनी इमारत दुरुस्त करायची म्हणजे एका बाजूला मालक, दुसऱ्या बाजूला कंत्राटदार, आणि दोघांमध्ये एक जाडजूड करार. त्या कराराचा कारभार पाहायला मधे एक माणूस लागतो. त्याला नेमतो मालक, त्याची फी देतो मालक. पण काम नीट झालं का, उशीर कोणामुळे झाला, मुदत वाढवून द्यायची की नाही, हे ठरवताना त्याने दोघांच्या बरोबर मधे उभं राहायचं. खाल्ल्या मिठाला जागावं, ही म्हण या धंद्यात निम्मीच चालते. मीठ एकाचं खायचं आणि न्याय दोघांना द्यायचा. ज्याला हे जमत नाही त्याने फीत घेऊन कुंपणं मोजावीत.

तर गोष्ट प्रसूतिगृहाची. एका विश्वस्त संस्थेची तीन मजली, शंभरेक वर्षांची इमारत. जाड विटांच्या भिंती, त्यांत दोन्ही टोकांनी घुसवलेल्या लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर फरशी. छप्पर गळत होतं, तारा उघड्या पडल्या होत्या आणि लिफ्ट मनात येईल तेव्हा चालायची. सगळं नवं करायचं ठरलं. तोवर बाळंतिणींना दोन रस्ते सोडून एका शाळेच्या सभागृहात हलवलं. तिथे खाटांमध्ये पडदे लावले होते आणि चौदा बायकांना मिळून दोन न्हाणीघरं होती. त्यामुळे काम वेळेवर व्हावं म्हणून संस्थेचे चिटणीस घायकुतीला आले असतील, तर त्यांना नावं ठेवता येणार नाहीत. रोज संध्याकाळी ते त्या सभागृहात एक चक्कर मारत, आणि रोज त्यांना कोणीतरी विचारत असे की आम्ही परत कधी जायचं. चिटणीस माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना तारखेपुढे काही दिसत नव्हतं.

कंत्राटदाराला सगळे दादा म्हणत. मूळचा सुतार. रंध्याने सुरुवात करून अडतीस माणसांपर्यंत पोचलेला. इतकं मोठं सार्वजनिक काम त्याला पहिल्यांदाच मिळालं होतं, आणि त्यात एक मेख होती. मंजूर कारणाशिवाय उशीर झाला, तर कंत्राटदाराचं नाव काळ्या यादीत जायचं आणि तीन वर्षं कुठल्याही सार्वजनिक कामाच्या निविदेला त्याला हात लावता येणार नव्हता. मोठ्या कंपन्या अशी तीन वर्षं सहज ढकलतात. दादांची अडतीस माणसं तीन महिनेही ढकलू शकली नसती.

काम सुरू होऊन दहा आठवडे झाले होते. एका मंगळवारी सकाळी साडेअकराला बाई दादांबरोबर दुसऱ्या मजल्यावर गेल्या. फळ्या उचललेल्या होत्या, तुळया उघड्या होत्या, आणि खाली पहिल्या मजल्यावर सहा माणसं भिंतीचा जुना गिलावा पाडत होती. बाईंनी सवयीप्रमाणे गुडघ्यांवर बसून नवव्या तुळईच्या टोकाशी, जिथे ती भिंतीत शिरते तिथे, स्क्रू ड्रायव्हर टेकवला. जोर लावायची वेळच आली नाही. तो मुठीपर्यंत आत गेला. वरून बघावं तर तुळई ठणठणीत, रंगही उडालेला नव्हता. बाहेरची पन्हळ वर्षानुवर्षं भिंतीत पाणी मुरवत होती आणि लाकूड आतल्या आत भुसा झालं होतं.

तुळईच्या खाली माणसं उभी होती.

“दादा, सगळ्यांना आधी बाहेर काढा,” त्या म्हणाल्या. “मग टेकू लावा. आणि बावीसच्या बावीस तुळयांची टोकं उघडा. एकही झाकलेली ठेवायची नाही.”

दादांनी आकडा पुन्हा विचारला. बावीस तुळया म्हणजे चव्वेचाळीस टोकं, प्रत्येक टोकाभोवतीची भिंत कोरायची, पुन्हा भरायची. बाईंनी मान हलवली, डायरी काढली आणि लिहायला लागल्या. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. नवरा होता. बाईंचे बाबा घरी न्हाणीघरात घसरून पडले होते आणि त्यांना पाय टेकता येत नव्हता. बाई उठल्या, दादांना म्हणाल्या, लेखी पाठवते, आणि जिना उतरून गेल्या.

बाबांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली, मग छातीत कफ झाला, मग तीन दिवस काही खरं नव्हतं. बाई अकरा दिवस इस्पितळातल्या खुर्चीत झोपल्या. परत कामावर आल्या तेव्हा टोकं उघडून झाली होती. बावीसपैकी तीन तुळया कुजलेल्या निघाल्या, एकोणीस धडधाकट. बाईंनी त्या तीन तुळया बदलायच्या सूचना काढल्या, पन्हळीची काढली, भिंत कोरडी करण्याची काढली. सगळ्यांना क्रमांक पडले. बावीस उघडा, ही सूचना मात्र कुठेच नव्हती. आणि ती नाही हे बाईंच्या लक्षातही आलं नाही, कारण तीस वर्षं जी गोष्ट रोज केली ती त्या दिवशीही केलीच असणार, असं त्यांच्या मनाने परस्पर धरून टाकलं होतं.

करारात याचीही सोय होती. बाईंनी लेखी पाठवलं नाही, तर दादांनी सात दिवसांत आपणहून पत्र टाकायचं: तुम्ही तोंडी असं असं सांगितलंत, ते आम्ही नोंदवतो. दादांच्या कारकुनाने ते पत्र लिहायलाही घेतलं होतं. दादांनीच त्याला थांबवलं. बाईंचा बाप इस्पितळात आहे आणि आपण त्यांच्या मागे कागद घेऊन लागायचं, हे बरं दिसत नाही. आणि लेखीबाई कागद पाठवायला विसरतील हे तू कोणाला सांगून बघ, लोक हसतील. झालं. दुसऱ्या कुठल्या कारभाऱ्याच्या बाबतीत दादांनी ही चूक केली नसती. ही चूक फक्त बाईंच्याच बाबतीत होऊ शकत होती.

काम संपत आलं तेव्हा एकवीस दिवसांचा उशीर दिसत होता. दादांनी तेवढ्या मुदतवाढीचा अर्ज केला. चिटणिसांनी बैठक बोलावली. ते तयारीनेच आले होते. बाईंनी काढलेल्या चौसष्ट सूचना त्यांनी क्रमाने लावून आणल्या होत्या.

त्यांनी दादांना विचारलं, तीन तुळया कुजल्या होत्या हे मान्य, मग धडधाकट एकोणीस उघडायला कोणी सांगितलं होतं? दादा म्हणाले, सूचना होती. कितव्या क्रमांकाची? चिटणिसांनी पुन्हा विचारलं. दादांनी एकदा, फक्त एकदा बाईंकडे पाहिलं आणि म्हणाले, “कागद नाही माझ्याकडे.”

मग विषय संपला, असं चिटणिसांनी म्हटलं. यांनी मनाला येईल तसं उकरलं, आमच्या बाळंतिणी सभागृहात राहिल्या, आता यांनी परिणाम भोगावेत. बाईंना काहीतरी खटकत होतं, पण इतक्या दिवसांनी त्या दिवसाचं त्यांना नीट आठवेना. त्या मंगळवारातून आठवत होता तो फक्त इस्पितळाचा जिना. त्यांनी दोन दिवस मागून घेतले. तपासून सांगते, म्हणाल्या.

ऑफिसात येऊन त्यांनी सगळ्या फायली उलथ्यापालथ्या केल्या. कागद नव्हता. मग डायरी काढली. त्या मंगळवारच्या पानावर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘११.३०. दुसरा मजला. तुळई ९, टोक कुजलेलं. माणसं बाहेर. टेकू. दादांना सांगितलं, सर्व २२’ आणि पुढे पान कोरं. वाक्याला पूर्णविरामही नव्हता. बाई त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिल्या. दादांची ती एक नजर आत्ता त्यांना कळली, आणि तळपायाची आग मस्तकात जावी तशी लाज त्यांच्या अंगभर चढली.

त्या थोरल्या साहेबांकडे गेल्या. ऑफिस त्यांचं होतं, आणि वर्षअखेर बाईंना भागीदार करून घ्यायचं त्यांनी जवळजवळ ठरवलं होतं. शिवाय त्याच संस्थेच्या मोठ्या रुग्णालयाचं काम निघणार होतं आणि ते याच ऑफिसकडे येणार असं सगळेच धरून चालले होते. साहेबांनी डायरी वाचली, चष्मा काढून पुसला, आणि हळुवार आवाजात बोलले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

“हे बघा, तुम्हाला कोणी खोटं बोलायला सांगत नाहीये,” ते म्हणाले. “चिटणीस एवढंच विचारतात की कागद आहे का. कागद नाही. हे खरंच आहे. तेवढंच सांगा.”

सात दिवसांत पत्र टाकायचं काम दादांचं होतं, हेही त्यांनी दाखवून दिलं. तेही खरंच होतं. सगळंच खरं होतं, आणि सगळ्या खऱ्याची मिळून गोळाबेरीज एक धडधडीत खोटं होत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि तीही कायद्यात बसवून. बाई म्हणाल्या, उद्या सांगते.

घरी बाबा चाकांच्या चौकटीला धरून खिडकीपर्यंत जायचा सराव करत होते. बाबा गवंडी. आयुष्यभर भिंती बांधल्या, सही करण्यापुरतं लिहायला शिकले, आणि मुलीला मात्र या धंद्यातल्या सगळ्यात अवघड परीक्षेपर्यंत नेऊन सोडलं. ती पास झाली त्या दिवशी ते कामावरून अंगावरच्या चुन्यासकट थेट छापखान्यात गेले आणि मुलीचं नाव घातलेली शंभर कार्डं छापून आणली होती. हुद्दा चुकीचा छापला होता, तरी बाईंनी शंभरच्या शंभर वाटली.

बाई नऊ वर्षांच्या होत्या तेव्हाची गोष्ट. एका बंगल्याच्या मालकाने बाबांना जाता जाता सांगितलं, भिंत दोन हात पुढे घ्या. बाबांनी घेतली. आठवड्याने शेजाऱ्याने तक्रार केली, तर मालक चार माणसांसमोर म्हणाला, मी कधी सांगितलं? बाबांनी ती भिंत स्वतःच्या हातांनी पाडली आणि मागे पुन्हा बांधली. सहा दिवस. बाई रोज दुपारी डबा घेऊन जायच्या आणि शेजारी बसून बघायच्या. बाबा विटांना चिकटलेला चुना खरवडून एकेक वीट बाजूला ठेवत होते, कारण त्या पुन्हा वापरायच्या होत्या. बाईंचा ‘लेखी द्या’ त्या सहा दुपारींत जन्माला आला, हे त्यांनी आजवर नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी त्यांनी बाबांना विचारलं, तो बंगलेवाला आठवतो का, आणि त्याला तुम्ही कधी माफ केलंत का. बाबा खिडकीशी पोचले होते. त्यांना दम लागला होता, पण उत्तर तयार असावं.

“तो विसरला असेल, तर माफ,” ते म्हणाले. “माणूस विसरतो. पण आठवत असून गप्प बसला असेल, तर त्याला मला एकच विचारायचं होतं. बाबा रे, ती भिंत रोज तुझ्या दारातच उभी होती. तू घरात शिरायचास कुठून?”

बाईंनी कारण सांगितलं नाही. बाबांनीही विचारलं नाही, फक्त परत पलंगापर्यंत जायला त्यांचा हात धरला.

सकाळी बाई सगळ्यांच्या आधी ऑफिसात गेल्या आणि सूचना क्रमांक पासष्ट स्वतः टाईप केली. तोंडी सूचना पुढे कधीही, शेवटचा दाखला निघेपर्यंत, लेखी कायम करता येते, असं कलम करारात होतं. तीस वर्षांत त्यांना ते वापरावं लागलं नव्हतं. मजकूर सहा ओळींचा होता. अमुक तारखेला सकाळी साडेअकरा वाजता दुसऱ्या मजल्यावर मी कंत्राटदाराला सर्व बावीस तुळयांची टोकं उघडण्याची तोंडी सूचना दिली. तुळई क्रमांक नऊची अवस्था पाहता ती आवश्यक होती आणि आजही मी तीच देईन. ती लेखी कळवण्याचं राहून गेलं. ही चूक माझी आहे, कंत्राटदाराची नाही. सोबत डायरीच्या पानाची प्रत. खाली सही.

वडील इस्पितळात होते, हे त्यांनी लिहिलं नाही. ते खरं होतं, पण ते त्या कागदाचं काम नव्हतं.

मग मुदतवाढीचा हिशेब. इथे लेखीबाई पुन्हा लेखीबाई झाल्या. दुसरी कोणी असती, तर अपराधी मनाने एकवीसच्या एकवीस दिवस देऊन मोकळी झाली असती. बाईंनी रोजच्या नोंदी काढल्या, एकेक दिवस तपासला, आणि सोळा दिले. उरलेले पाच दिवस नव्या तुळयांचं लाकूड दादांनी उशिरा मागवल्यामुळे गेले होते. त्याचा टोकं उघडण्याशी काही संबंध नव्हता.

साहेबांनी कागद वाचला आणि विचारलं, पाठवलाच का? बाई म्हणाल्या, पाठवला. साहेबांनी कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाले की निदान माझ्याशी आधी बोलायचं होतं. बाईंना वाटलं, कालच तर बोललो.

दादा दुपारी आले. बाईंना वाटलं आभार मानायला आले असतील. दादा तोंड पाडून म्हणाले, पाच दिवस कापलेत. बाईंनी लाकडाची नोंद पुढे सरकवली. दादांनी ती वाचली, मान खाजवली, आणि हे मात्र बरोबर आहे म्हणून कबूल केलं. जाताना दारात थांबले.

बाईंनी विचारलं, “दादा, बैठकीत तुम्ही बोलला का नाहीत? मीच सांगितलं होतं ना?”

“तुम्हाला आठवत नव्हतं, बाई. तोंडावरच दिसत होतं,” दादा म्हणाले. “तिथे मी बोललो असतो, तर तुम्ही आणि मी भांडलो असतो. आठवलं की तुम्ही बोलणार, मला माहीत होतं. म्हणून थांबलो.”

अडतीस माणसांचं पोट त्यांनी बाईंच्या स्मरणशक्तीवर सोडून दिलं होतं. बाईंना रडू आलं, आणि दादा जाईपर्यंत त्यांनी ते कसंबसं आवरलं.

ते पाच दिवस दादांनी रविवारी कामं करून भरून काढले. वाढवलेल्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी बाई इमारत तपासायला गेल्या. सकाळी आठपासून दुपारी तीनपर्यंत एकही खोली सोडली नाही. प्रत्येक नळ सोडून बघितला, प्रत्येक दार तीनदा उघडलं आणि लावलं, लिफ्टमधून नऊ वेळा वरखाली केलं. एका खोलीत बिजागरी करकरत होती, तेवढी यादीत गेली. दुसऱ्या मजल्यावर त्या मुद्दाम टाचा आपटत चालल्या. फरशी हूं की चूं करत नव्हती. इथे उद्या बायका येतील, पोरं जन्मतील, आणि पायाखाली काय आहे याचा विचार कोणाच्याही मनात येणार नाही. येऊ नये यासाठीच तर सगळं केलं होतं. बाईंनी काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर तिथेच, खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून सही केली. दादांच्या नावावर काळा ठिपका लागला नाही.

बाईंच्या नावावर मात्र लागला. उद्घाटनाला चिटणिसांनी त्यांना नमस्कार केला, पण बोलले नाहीत. आमच्या पैशाने नेमलेल्या बाईने आमच्याच विरुद्ध कागद लिहिला, हे त्यांनी मंडळात बोलून दाखवलं आणि ते फिरून बाईंच्या कानावर आलं. मोठ्या रुग्णालयाचं काम दुसऱ्या ऑफिसला गेलं. वर्षअखेर आली तशी गेली, भागीदारीचं नाव कोणी काढलं नाही. बाईंना वाईट वाटलं नाही असं सांगितलं, तर ते खोटं होईल. त्यांना फार वाईट वाटलं. दोन-तीन महिने त्या घरी चिडचिड करायच्या, आणि नवरा म्हणायचा की माझ्याकडे ये, भूल देऊन काढून टाकतो. पण कागद लिहायला नको होता असं त्यांना एकदाही वाटलं नाही. रोज घरात शिरताना त्यांचं मन स्वच्छ होतं.

दीड वर्ष गेलं. एका दुपारी बाई एका गोदामाच्या छपरावर उभ्या असताना चिटणिसांचा फोन आला. आधी ते हवापाण्याचं बोलले, मग बाबांची तब्येत विचारली. बाईंना कळेना, यांना बाबांचं कसं माहीत. मग मुद्दा निघाला. मोठ्या रुग्णालयाचं काम अर्ध्यावर अडलं होतं. नवी कंत्राटी कंपनी दांडगी होती, दोन्हीकडून वकिलांची पत्रं सुरू झाली होती, आणि आठ महिन्यांच्या उशिराचं खापर कोणाच्या डोक्यावर फोडायचं यावरून काम बंद पडायची वेळ आली होती. अशा वेळी दोघांनी मिळून एक तटस्थ माणूस नेमायचा आणि तो देईल तो निवाडा मानायचा, असं करारात होतं. संस्थेने सहा नावं सुचवली. कंपनीने सहाच्या सहा फेटाळली.

“शेवटी आम्ही म्हटलं, तुम्हीच एक नाव द्या,” चिटणीस म्हणाले. “त्यांनी दिलं. मॅडम, ते तुमचं आहे. त्यांच्या कामात सुतारकामाचा पोटठेका त्या दादांकडे आहे. त्यांनीच सुचवलं म्हणे, आणि तुमच्या वडिलांचंही त्यांच्याकडूनच कळलं.”

बाईंनी विचारलं, आणि तुमचं मंडळ काय म्हणतं? मंडळाने एकमताने मान्य केलं होतं. ठराव चिटणिसांनीच मांडला होता. मग बाईंनी स्पष्टच विचारलं, निवाडा संस्थेच्या विरुद्ध जाऊ शकतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे ना.

“ठाऊक आहे,” चिटणीस म्हणाले. “पण तो बरोबर असेल. तुम्ही एकदा स्वतःच्या विरुद्ध दिलाय, तो मी वाचलाय. तेव्हा राग आला होता मला. परवा फाईल काढून पुन्हा वाचला.”

संध्याकाळी बाईंनी बाबांना सांगितलं. बाबा आता काठीवर चालत, ऐकायला थोडं कमी येई. त्यांनी पहिल्यांदा सगळं ऐकून घेतलं, मग काठी भिंतीला टेकवून खुर्चीत सावरून बसले आणि विचारलं, म्हणजे भांडणाऱ्या दोघांनीही तुझंच नाव घेतलं? बाई म्हणाल्या, हो, दोघांनीही. बाबांनी कानामागे हात धरला आणि तेच पुन्हा, जरा मोठ्याने सांगायला लावलं. त्यांना पहिल्या वेळीच नीट ऐकू आलं होतं, हे बाईंना समजत होतं. तरी त्यांनी ते परत सांगितलं, आणि तिसऱ्यांदा विचारलं तेव्हाही.